मिस्त्रीच्या घरात कूलर नाही

आसेगाव
१० एप्रिल २०२५

अब्बा, सलाम.

हे पत्र इमरान रविवारी जिकराले भेटायला येईल तेव्हा त्याच्या हाती देणार आहे. त्यानं वाचायचं नाही, असं सांगून. तुमी म्हणाल, फोन असताना कागद कायले? फोनवर तुमचा आवाज मोठा होते अन् माझा बसते. इमरानच्या तोंडी निरोप दिला तर तो अर्धा रस्त्यातच सांडून येते. तुमाले वाईट वाटू नये अन् मलेही वाटू नये म्हणून. बिचारा बाप अन् बायकोच्या मधात भरडून राह्यला. म्हणून लिहिते.

मी रागानं घर सोडलं नाही, ठरवून सोडलं. मोहल्ल्यात कोणी विचारलं तर हेच सांगा.

जिकराचा आजार तुमाले नवीन नाही. ती चार वर्षांची होती तेव्हा नागपूरच्या डॉक्टरबाईंनी त्याचं नाव सांगितलं होतं, सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचा आहे, आयुष्यभराचा आहे. तिच्या छातीतला कफ गोंदासारखा घट्ट. तो निघत नाही अन् त्यात जंतू ठाण मांडतात. मागच्या खेपेला तिच्या बेडक्यात एक नवा जंतू निघाला, सुडोमोनास नावाचा. बाई म्हणाल्या, "फरहत, हा पहिल्यांदाच आला आहे. आत्ताच हाकलला तर जाईल. बसू दिला तर छातीत घर करेल, मग निघणं मुश्कील." वाफेतून द्यायचं औषध सुरू केलं. मग त्यांनी विचारलं, घरात साचलेलं पाणी कुठं कुठं असते? मी पहिलं नाव घेतलं ते कूलरचं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कूलरचा प्लग काढला. तुमी बादली आणली अन् माझ्यासमोर टाकी काठोकाठ भरली. म्हणाले, "मिस्त्रीच्या घरात कूलर नाही, हे मी लोकायले कोणत्या तोंडानं सांगू?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफेचं मशीन, औषधाचा डबा अन् पोरगी घेऊन माहेरच्या एसटीत बसली.

जिकरा झोपते त्या खोलीत कूलर लागणार नाही. तुमी हे कबूल केलं की मी त्याच दिवशी येते. तोवर नाही.

तुमची बहू
फरहत

*

वाशीम
१७ एप्रिल

फरहत,

खत भेटलं. मी मराठी शाळेत सातवी शिकलो, लिवता येते. अक्षर वाकडं आहे, मतलब सरळ आहे.

चाळीस साल झाले मी पत्रा कापून राह्यलो. मानोऱ्याच्या तांड्यावरून लोक माह्याकडे कूलर घ्याले येतात. रज्जाक मिस्त्रीचा कूलर म्हनलं की कोनी दुसरा सवाल करत नाही. तू गिऱ्हाइकाच्या समोर पलग काढला अन् म्हनली, "अब्बा, या पान्यानं पोरगी बिमार पडते." गिऱ्हाईक तसाच वापस गेला. दुसऱ्या दिवशी चौकात मले विचारते, "मिस्त्री, तुमच्या कूलरनं बिमारी होते म्हनतात?" मी काय जवाब देऊ?

त्या डॉक्टरीनबाईनं लिवून देलं का, हे कूलरनंच झालं म्हनून? जिकरा पैदा झाली तवापासून माह्या कूलरसमोर झोपते. तिच्यासाठी मी छोटा कूलर बनवला, पोपटी रंगाचा. तवा कुठं गेला होता हा जंतू? आनि तुमीच तं सांगतलं होतं, या पोट्टीच्या घामातून मीठ जाते, तिले ऊन सोसत नाही. वाशीमले आता चव्वेचाळीस चालू आहे. पान्याले भेता अन् आगीत झोपवता? हा कोनता इलाज?

एक बात सांगतो, बुरा मानू नको. ह्या आजाराचं लेकरू किती दिवसाचं, हे अल्लाले मालूम. आहे तवर तिले थंड हवेत आरामानं झोपू दे. कायले छळता?

इमरान जेवत नाही नीट. तुही सास रडते. घर घरासारखं दिसत नाही.

रज्जाक

*

आसेगाव
२० एप्रिल

अब्बा, सलाम.

इमरान समोर बसून जेवते आहे, दोन भाकरी झाल्या. तुमी काळजी करू नका.

तुमच्या पत्रातले 'आहे तवर' हे दोन शब्द मी पेनानं काळे करून टाकले. जिकरा आता हाती लागेल तो कागद वाचते. तिनं विचारलं, "अम्मी, इथं दादांनी काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, चुकलं होतं त्यांचं. खोटं नाही बोलली.

जिकरा आहे, अब्बा. 'आहे तवर' नाही. आमच्या डॉक्टरबाईंकडे हाच आजार असलेली एक बाई येते, ती बँकेत काम करते. तिनंही लहानपणी हेच ऐकलं असेल, की कायले छळता. तिच्या आईनं ते ऐकलं नाही म्हणून ती आज खुर्चीवर बसून लोकायच्या सह्या तपासते.

तुमचे सवाल बरोबर आहेत, म्हणून जवाब देते. कूलरनंच झालं असं बाईंनी लिहून दिलं नाही. त्या म्हणाल्या, कुठून आला हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नळाची तोटी असेल, डबकं असेल. पण साचलेलं कोमट पाणी म्हणजे याचं माहेर, अन् कूलर ते पाणी हवेत उडवून पोरीच्या नाकातोंडात घालते. मले नक्की माहीत नाही म्हणून मी दार उघडं ठेवायचं का? चोर कोणत्या दारानं आला ते कळलं नाही, तर माणूस सगळेच दारं लावते.

उन्हाचंही तुमचं खरं आहे. इथं माझ्या आईचं घर मातीचं आहे, दुपारीही भिंतीले पाठ लावली की गार वाटते. मीठ-साखरेचं पाणी तिच्या हातात दिवसभर देतो.

सकाळी उठली की पहिले मिठाच्या पाण्याची वाफ. मग बाटलीत नळी टाकून ती बुडबुडे काढते, आई तिची पाठ थोपटते, अन् आम्ही दोघी ओरडतो, "खोकल, अजून खोकल!" कफ निघाला की मग औषधाची वाफ. मशीनचा कप दर वेळी धुवायचा, उकळायचा, वाळवायचा. शेजारची गोजराबाई कुंपणावरून म्हणते, "दुनिया खोकला बंद करते, अन् तुमी माय-लेकी वाढवता!" हसण्यावारी नेलं. पण तिनं गावात टीबी आहे असं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी तिच्या ओट्यावर गेली. चार बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, टीबीची तपासणी झाली, नाही निघाला. हा आजार रक्तातून आला आहे, हवेतून कोणाले लागत नाही. अन् आता आलीच आहे तर सांगते, तुमच्या सोयाबीनच्या कुटार-भुशाचा ढीग आमच्या भिंतीले टेकला आहे, तो ओला होऊन काळा पडला. ती बुरशी माझ्या पोरीच्या छातीत जाते. तो हलवा." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ढीग हलला.

अब्बा, तुमी मिस्त्री आहा. मी सांगून उपयोग नाही. त्या पोपटी कूलरची टाकी उघडा अन् तळाले हात लावून पाहा. एवढंच म्हणणं आहे.

फरहत

*

वाशीम
२६ एप्रिल

फरहत,

टाकी उघडली. तळाले हात लावला. बोटाले शेंबडासारखं बुळबुळीत लागलं अन् वास आला. गवताच्या ताट्यायच्या मांगे काळं होतं.

असं हर कूलरमंदी राह्यते. मी ब्लिचिंग टाकून घासली, उन्हात वाळवली, नव्या ताट्या लावल्या, मोटर बी बदलली. आता एवढा साफ कूलर जिल्ह्यात भेटनार नाही. तुही बात राह्यली, माही बी राह्यली.

रविवारी इमरान येते. सामान बांधून ठेव. बस झालं आता.

जिकरा माहं नाव काढते का?

रज्जाक

*

नागपूर
९ मे

अब्बा, सलाम.

तुमचं पत्र घेऊन इमरान आला त्या दिवशी सामान बांधलेलंच होतं, पण वाशीमसाठी नाही. आदल्या रात्रीपासून जिकराले ताप होता. खोकल्याचा आवाज बदलला होता, श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. इमराननं गाडी तिथंच सोडली अन् आम्ही भाड्याच्या जीपनं थेट नागपूरले आलो. त्यानं तुमाले फोनवर 'जरा ताप आहे' एवढंच सांगितलं, हे मले माहीत आहे. जरा नव्हता.

अजून दोन आठवडे सलाईनमधून औषध चालणार आहे. पहिल्या दिवशी शीर सापडत नव्हती. जिकरानं दात आवळून हात पुढं धरला, रडली नाही. सापडली तेव्हा मात्र सिस्टरले म्हणाली, "आता मी रडू का?" अन् भोकाड पसरलं.

तुमी आता मनात म्हणत असाल, आसेगावात तर कूलर नव्हता, मग काहून झालं? म्हणा. मीही पहिल्या रात्री तेच म्हणत बसली होती. एवढं सगळं उकळलं, धुतलं, गावाशी भांडली, सासर सोडलं, अन् तरी आजार आलाच. बाईंना विचारलं, "माझं काय चुकलं?" त्या म्हणाल्या, "काही चुकलं नाही. तू औषध आधीच सुरू केलं होतंस, पहिल्याच तापाला घेऊन आलीस, म्हणून ती आज बसून बोलते आहे. सगळ्या वाटा बंद केल्या तरी एखादी राहतेच."

म्हणून मी हरली असं समजू नका. कूलर नकोच आहे. साफ केलेलाही नको. तुमी घासला तो दिवस साफ होता, अब्बा. चार दिवसांनी पुन्हा तेच पाणी, तोच तळ. रोज कोण घासणार?

इथं आमच्या वॉर्डात अजून एक लेकरू आहे, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं. बबलू नाव. त्यालेही हाच आजार. त्याची आई भुरीबाई ऊसतोडीले जायची, पोरासाठी या साली गेली नाही. तांड्यानं नावं ठेवली. एकाच आजाराचे दोन लेकरं, वाटते एकमेकायच्या सोबतीनं राहतील. पण तेच चालत नाही. निरोगी माणसाले नाही, पण या आजारात याचे जंतू त्याले अन् त्याचे याले लागतात. म्हणून बबलूची खोली त्या टोकाले, आमची या टोकाले. दोघं आपापल्या दारात उभे राहून हातवारे करतात. काल जिकरानं त्याले वाकुल्या दाखवल्या, त्यानं तिले. भुरीबाई अन् मी लांबूनच बोलतो. ती म्हणते, "माय, लोक म्हनते कायले जीव पाखडतं. मी म्हनते, जीव माहा हाय, पाखडीन."

अन् एक सांगायचंच आहे. परवा एक नवे डॉक्टर आले, सरळ तिच्या छातीले नळी लावायला वाकले. जिकरा मागं सरकली. "सर, हात."

"काय?"

"तुमी हात धुतले नाही."

मले वाटलं आता रागावतात. ते गेले, साबणानं हात धुतले, नळी पुसली अन् परत आले. म्हणाले, "आता चालेल का मॅडम?" ती म्हणाली, "चालेल."

ती तुमचं नाव काढते. खाली तिनंच लिहिलं आहे.

फरहत

दादा, माझ्या हाताला सुई आहे म्हणून अक्षर वाईट आले. इथे जेवणात मीठ कमी असते, मी वरून घेते. अम्मी रात्री बसल्या बसल्या झोपते. तुम्ही या पण सर्दी असेल तर येऊ नका. जिकरा

*

वाशीम
१६ मे

फरहत बेटी,

मले सर्दी आहे. म्हनून आलो नाही. दोन वेळा स्टँडवर गेलो अन् वापस आलो. ज्या माणसाले बहूनं इतकं सांगतलं, त्याले नातीनं एका ओळीत थांबवलं.

जिकराच्या खोलीतला कूलर काढला. खिडकीतून उतरवला अन् दुकानात नेला. त्याच्या पान्याच्या नळीसाठी भिंतीत पाडलेलं भगदाड इटा लावून बंद केलं. तिथली भिंत आतून वली होती, पपडी धरली होती. सगळं खरवडलं, वाळू देलं, मंग चुना मारला.

आता थंडाव्याचं कसं कराचं? मी चाळीस साल पान्यानं हवा थंडी केली, बिगर पान्यानं कशी कराची ते कधी सोचलं नाही. एसीची आपली ऐपत नाही. मंग छतावर चढलो. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले, पांढरं फेक. त्याच्यावर कपाशीच्या पऱ्हाट्याचा मांडव घातला, पत्र्याले ऊनच लागू नये असा. वरच्या बाजूनं झरोका फोडला अन् गरम हवा भाईर फेकाचा पंखा बसवला. काल दुपारी दोन वाजता त्या खोलीत जाऊन निजलो. कूलरसारखं नाही. खोटं कायले सांगू? पण निजता येते. घाम आला तं मीठ-साखरेचं पानी आहेच.

कपड्याच्या दुकानवाला परवेज कूलर न्याले आला होता. दुकानात गर्दी होती. म्हनला, "मिस्त्री, ऐकलं ते खरं का? नातीले टीबी झाली अन् बहू पळून गेली?" मी पत्रा खाली ठेवला. म्हनलं, "परवेजभाई, टीबी नाही झाली. आनि माही बहू पळाली नाही. घरातले सगळे जिथं बसून होते तिथून उठून ती लढाले गेली." तो हसला. म्हनला, "पोरीच्या जातीवर एवढा खर्च..." मी त्याचं बोलनं पुरं होऊ देलं नाही. म्हनलं, "कूलर तयार आहे, घेऊन जा. पन टाकी रोज रिकामी कराची अन् वाळवाची. नसन होत तं दुसऱ्या मिस्त्रीकडे जा." आता हर गिऱ्हाइकाले हेच सांगतो. कोनी हसते, कोनी ऐकते. धंदा बंद करनार नाही, बेटी, रोटी तिथलीच आहे. पन माह्या नातीच्या खोलीत माहा माल नाही, हे मी आता चौकात उभा राहून सांगतो.

चुन्याचा वास तिले चालते का? बाईले विचारून कळव. आनि पऱ्हाट्या? तूच सांगतलं होतं कुटाराच्या बुरशीचं.

तू बी निजत जा.

अब्बा

*

आसेगाव
१२ जून

अब्बा, सलाम.

काल तपासणीसाठी नागपूरले जाऊन परत आलो. सुट्टी तर मेच्या शेवटीच झाली होती, पण बाई म्हणाल्या चुन्याची धूळ पूर्ण बसू द्या, म्हणून आईकडे इथंच थांबलो. आता पुन्हा बेडका तपासला.

सुडोमोनास निघाला नाही.

मी तो कागद बाईंच्या समोर तीन वेळा वाचला. त्या हसल्या अन् म्हणाल्या, "खूश हो, पण ढिली पडू नको. अजून काही महिने तपासत राहायचं. परत येऊ शकतो." मी म्हटलं, "येऊ द्या. आमीही आहोतच." बाहेर येऊन इमरान जिन्यावर बसला अन् लहान पोरासारखा रडला. जिकरानं त्याले आपल्या बाटलीतलं खारं पाणी पाजलं, म्हणे अब्बूचं मीठ गेलं.

पऱ्हाट्याचा मांडव पावसाच्या आधी उतरवा. ओल्या झाल्या की बुरशी धरतील. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घालू. 'घालू' म्हणते आहे, कारण मी घरी येते. तुमी सांगितलं तसं ते खरंच केलं, इमराननं मले फोनमध्ये व्हिडिओ दाखवला. छतावर तुमाले चढलेलं पाहून सासूबाई खालून ओरडत होत्या, तेही त्यात ऐकू आलं.

पण एक अडचण उभी राह्यली. शाळेतून इमरानले फोन आला होता. हेडमास्तर राठोड सर म्हणाले, जिकरा फार खोकलते, पालकायच्या तक्रारी आहेत, या वर्षी तिले घरीच ठेवा, परीक्षेपुरतं आणा. इमरान 'बरं सर' म्हणून मोकळा झाला. त्याच्यावर रागवू नका, तो थकला आहे. मी आल्यावर शाळेत जाते. भांडायला मले आता लाज वाटत नाही.

फरहत

*

वाशीम
१८ जून

फरहत बेटी,

तुह्या येन्याची वाट पाहत बसलो नाही. मीच गेलो शाळेत. धुतलेला कुर्ता घालून गेलो, सर्दी पन नाही आता.

गुलाबसिंग राठोड सर भला माणूस आहे. खुर्ची देली, चहा सांगतला. म्हनले, "चाचा, पोरगी हुशार आहे, मले तिच्याबद्दल काही नाही. पण ती खोकलली की बाकीच्या पोट्ट्यायचे मायबाप भेतात. मी किती जणायले समजावू?"

मी म्हनलं, "सर, तिचा खोकला तुमच्या पोट्ट्यायले लागत नाही. तुमच्या पोट्ट्यायची सर्दी तिले लागते, अन् ती सर्दी तिले दवाखान्यात नेते. भ्याचंच झालं तं आमी भ्याचं. आमी भेलो नाही, पाठवून राह्यलो. मंग तुमी काहून भेता?"

चहा आला. मी चहा घेतला नाही.

"डॉक्टरचा कागद आणा," म्हनले. तू नागपूरहून पाठवला होता तो, आजार दुसऱ्याले लागत नाही असं लिवलेला, मी खिशातून काढून सरायच्या हाती देला. वाचला. मंग म्हनले, "काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुमी लिहून द्या." मी म्हनलं, "द्या कागद." अन् तिथंच लिवून देलं, की माही नात जिकरा रोज शाळेत येईन, खिडकीपाशी बसन, आपलं पानी आपल्या बाटलीत आनन, हात धुवून डबा खाईन. आनि ज्याच्या लेकराले ताप-सर्दी आहे त्यानं ते लेकरू त्या दिवशी घरी ठेवावं. खाली सही केली, रज्जाक मिस्त्री. सर म्हनले, "चाचा, मी तुमच्याकडून लिहून मागतलं, तुमी तर मलेच हुकूम लिहिला." मी म्हनलं, "सगळ्या मायबापायले वाचून दाखवा. ज्याले पटत नाही त्याले माह्या दुकानात पाठवा. मी दिवसभर तिथंच राह्यतो."

सरनं कागद घडी घालून फाइलीत ठेवला. मंग शिपायाले बोलावलं अन् खिडकीपाशीचा बाक पुसून ठेवाले सांगतलं. तवा मी चहा पेलो. थंडा झाला होता.

सोमवारी शाळा उघडते. तुमी शनिवारी या. मांडव उतरवला, खोली झाडून पुसून तयार आहे. पहिल्या दिवशी तिले मी घेऊन जातो, इमरान नाही. भर सडकेनं, दुकानासमोरून, पायी. जो विचारन त्याले सांगीन.

आनि तिले आतापासून सांगून ठेव. पाढे म्हनता म्हनता खोकला आला तं दाबाचा नाही, तोंडावर रुमाल धरून पुरा खोकलाचा. सारा वर्ग थांबला तरी चालते. मंग जिथं सुटलं होतं तिथून पुढचा पाढा म्हनाचा, वर्गात उभी राहून, मोठ्यानं.

अब्बा